तिसऱ्या ताऱ्यानंतरचा पाइप

सर्व संबंधितांस, तसेच या प्रकरणाशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांस, अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की पेण येथील एका रंगविक्रेत्याच्या पाइपसंग्रहात यंदा एकाही नगाची भर पडलेली नाही, व पुढेही पडण्याची चिन्हे नाहीत. संग्रह दुकानाच्या पोटमाळ्यावर, पिवळ्या रंगाच्या डब्यांमागे, मालकाच्या पत्नीच्या नजरेआड ठेवलेला आहे. तो विकणे नाही. पाहण्यास येणाऱ्यांनी शिडी स्वतः आणावी.

हा रंगविक्रेता म्हणजे मी. पेणच्या गणपती कारखान्यांना रंग, ब्रश, वॉर्निश आणि सोनेरी पावडर विकणं हा माझा धंदा, आणि हौशी नाटकांत कामं करणं हा माझा आजार. पाइप मला धंद्यातून मिळाला नाही. आजारातून मिळाला.

झालं असं की आमच्या मंडळानं एका वर्षी सामाजिक नाटक बसवलं आणि मला नायिकेच्या श्रीमंत बापाचं काम दिलं. श्रीमंत बाप म्हणजे अंगात रेशमी गाऊन, तोंडात पाइप आणि जिन्यावरून सावकाश उतरणं, असं दिग्दर्शकाचं ठाम मत होतं. गाऊन शिवून घेतला. जिना पडद्यावर रंगवला, आणि मी त्याच्यापुढे गुडघे वाकवत वाकवत उतरायचं ठरलं. पाइप मात्र मिळेना. आमच्या गावात हव्या त्या मापाची सोंड मिळेल, हवा तसा मुकुट मिळेल, पण पाइप? शेवटी आमचा लाइटवाला, जो रोह्याला एका कंपनीत शिफ्टला जायचा, तो म्हणाला, "आमच्या स्टोअरचे जुने साहेब पाइप ओढतात. रिटायर झालेत. ज्यू हायत. माणूस भला, पण पाइप मागायचा म्हणजे त्यांचा दात मागण्यासारखं हाय."

मी शनिवारी दुपारच्या गाडीनं रोह्याला गेलो, आणि वार निवडण्यातच चुकलो.

गल्लीच्या टोकाला कौलारू, बुटकं, स्वच्छ घर. दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली एक छोटी धातूची नळी. अंगणाच्या पलीकडच्या कडेला पेरूचं झाड आणि त्याखाली सिमेंटचा बाक. ओटीवर पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते. मी माझी मागणी चांगली रंगवून सांगितली. मराठी रंगभूमी, कलेची सेवा वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आज शनवार," ते म्हणाले. "आमचा शब्बाथ. आज या घरात घेणं नाय, देणं नाय, काडी ओढणं नाय. बसा. तारे निघाले की बोलू."

उन्हं अजून पेरूच्या शेंड्यावर होती. मी बसलो. आतून बाईंचा आवाज आला, "कोण आलंय हो?"

"पेणचे नाटकवाले. पाइप पायजे त्यांना."

"यांनाच न्या म्हणावं. पाइपसकट न्या."

ही माझी आणि काकूंची पहिली ओळख.

शब्बाथचा नियम त्या संध्याकाळी मला कळला. शुक्रवारी सूर्य मावळला की घरात विस्तव पेटवायचा नाही. चूल नाही, गॅस नाही, काडी नाही. स्वयंपाक आधीच करून ठेवलेला. शनिवारी अंधार पडून आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ सुटतो. काका अंगणात उभे राहून वर बघत होते आणि काकू आतून विचारत होत्या.

"तीन झाले का हो?"

"दोन झाले. तिसरा लाजतोय."

"लाजंल नाय तर काय, असं टक लावून बघताय त्याच्याकडं."

तिसरा आला. काकांनी मेणबत्ती पेटवली, त्यांच्या भाषेतली प्रार्थना म्हटली, लवंगांची एक चांदीची डबी सगळ्यांना हुंगायला दिली. मलाही दिली. मग मेणबत्ती विझवायच्या आधी, झटकन, चोरी केल्यासारखं, तिच्याच ज्योतीवर त्यांनी पाइप पेटवला.

"बघा," काकू मला म्हणाल्या, "देवाच्या मेणबत्तीवर तंबाखू पेटवतो हा माणूस. वर गेल्यावर काय जबाब देणार हाय?" आणि लगेच आत जाऊन त्यांनी गॅसवर चहा ठेवला. मी म्हटलं, काकू, तुम्ही तर तारे बघितलेच नाहीत. त्या म्हणाल्या, "तारे कोण मोजत बसलंय? धूर आला की मी समजते शब्बाथ सुटला. लग्न झाल्यापासून हेच माझं घड्याळ."

त्या धुराबद्दल सांगायला हवं. काका मुंबईहून काळपट, जाड पानाची तंबाखू आणत आणि तिच्या डब्यात त्याच चांदीच्या डबीतल्या दोन-तीन जुन्या लवंगा टाकून ठेवत. पहिल्या झुरक्याला मला वाटलं, पावसात भिजलेलं पोतं कुणीतरी चामड्याच्या चपलेसकट जाळलंय आणि वरून दातदुखीचं औषध शिंपडलंय. दोन घरं पलीकडच्या माणसालाही कळावं की हे घरी आहेत, असा तो वास.

पाइप मिळाला. दात लावायचे नाहीत आणि नाटक संपलं की परत, या अटींवर. प्रयोगाच्या दिवशी मी जिना उतरलो आणि पुढचं वाक्य विसरलो. काय करावं न सुचून मी पाइप तोंडातून काढला आणि त्याच्याकडे अतिशय दुःखानं बघत उभा राहिलो. प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणलं. आयुष्यात मिळालेल्या माझ्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या वाक्य विसरल्याच्या आहेत. त्यानंतर पाइप सुटणं शक्यच नव्हतं.

काकांचा त्यांना परत केला आणि स्वतःचा शोधू लागलो. मुंबईला रंगाच्या खरेदीला गेलो की भंगारबाजारात चक्कर ठरलेली. तिथे पहिला मिळाला, ब्रायर नावाच्या विलायती झुडपाच्या मुळाचा, दांडीला कुणा परक्याच्या दातांच्या खुणा असलेला. बायको म्हणाली, "कुठल्या मेलेल्या साहेबाचं उष्टं तोंडात घालताय?" मग मक्याच्या कणसाचा आला, हलका, गरीब स्वभावाचा. पांढऱ्या मऊ दगडाचा एक आला, तो ओढता ओढता मधासारखा पिवळा होत जातो. डोलवीला ठेकेदाराकडे काम करणाऱ्या एका सुतारानं शिसवीचा करून दिला. त्याला त्यानं प्रेमानं आतूनही पॉलिश केलं होतं, त्यामुळे पहिल्या झुरक्यात मी अख्खं कपाट ओढल्यासारखं झालं. आणि एका मूर्तिकार मित्रानं शाडूचा घडवला. तो दुसऱ्या झुरक्याला तडकला आणि माझ्या तोंडात जी माती गेली ती पुढे दोन दिवस दाताखाली करकरत होती. त्याचे तुकडेही संग्रहात आहेत. एवढाच माझा संग्रह.

दर शनिवारी संध्याकाळी मी नवी वस्तू किंवा नवी तंबाखू घेऊन रोह्याला जाऊ लागलो. गाडीत रिकामा पाइप तोंडात धरून बसायचो. एकदा निडीला चढलेल्या एका बाईनं बराच वेळ निरखून विचारलं, "भाऊ, वाजत नाय काय ती?"

मला गोड वास आवडायचे. व्हॅनिला, चेरी, एकदा तर नारळाचा. बायकोला तो प्रकार चालायचा, बेकरीत बसल्यासारखं वाटतं म्हणायची. काकांना मुळीच चालायचा नाही. "हे काय ओढताय? वाढदिवसाचा केक?" काकू आतून म्हणायच्या, "ओढू द्या हो त्यांना. निदान त्यांच्या घरातल्या पडद्यांना वास नाय येत." माझ्या घरी उलट. काकांच्या ओटीवरून परत आलो की दारातच हुकूम व्हायचा, "रोह्याहून आलात ना? शर्ट बाहेर."

काकांनी शिकवलं ते सगळं हातानं शिकवलं. तंबाखू खाली सैल आणि वर जरा घट्ट भरायची. पहिल्यांदा पेटवून वरचा फुगलेला थर ठासणीनं हलका बसवायचा आणि पुन्हा पेटवायचं. घाई केली की जीभ भाजते. डब्यात बटाट्याची चकती ठेवली की तंबाखू सुकत नाही. हळूहळू मला गोडाचा कंटाळा आला. मी काळं पान आणि थोडं पिवळं पान एकत्र करू लागलो, वरून काही नाही. एका शनिवारी काकांनी माझ्या बरणीत नाक घातलं, डोळे मिटले, पुन्हा नाक घातलं आणि म्हणाले, "हं. ही तुमची." इतकंच. पण त्या रात्री शर्ट बाहेर टाकतानाही मी गाणं म्हणत होतो.

मग काकू विसरू लागल्या.

आधी मीठ. मग पळी या वस्तूला काय म्हणतात ते. मग मला, आणि मी ते फारसं मनावर घेतलं नाही, कारण मला विसरणं सोपं आहे. पण एका शनिवारी आम्ही दोघं ओटीवर तारे बघत बसलो असताना त्या दारात आल्या आणि काकांना अगदी अदबीनं म्हणाल्या, "तुम्ही कोणाकडे आलात?" तिसरा तारा दिसला, प्रार्थना झाली, पाइप पेटला. धूर त्यांच्यापर्यंत पोचला तशी काकूंच्या कपाळावरची आठी गेली. "हां," त्या म्हणाल्या, "तुम्ही होय." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

चेहरा गेला होता, आवाज जात होता, वास राहिला होता. काका त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाइप ओढू लागले. आधी ते आठवड्यातून तीनदा-चारदाच ओढत. मी म्हटलं, काका, जास्त होतंय. ते म्हणाले, "घरात ओळख नको का राहायला?"

खोकला होताच. तो वाढला. पनवेलच्या डॉक्टरांनी छातीचे फोटो उजेडावर धरले आणि सांगितलं की पाइप किंवा श्वास, दोन्हींतला एक निवडा. दुसऱ्याचा धूरसुद्धा जवळ नको. काकांनी त्याच दिवशी पाइप धुऊन, पुसून कपाटात ठेवले. तंबाखूचा डबाही ठेवला. टाकला नाही.

आणि त्या शनिवारी शब्बाथ सुटला नाही.

तारे निघाले. मेणबत्ती, प्रार्थना, लवंगा, सगळं झालं. काकू जागच्या हलल्या नाहीत. "चहा ठेव गो," काका म्हणाले.

"शब्बाथ हाय."

"सुटला. चल, तारे दाखवतो."

"तारे मला काय दाखवता? धूर कुठं हाय?"

रविवारी त्यांनी गॅसला हात लावला नाही आणि लावूही दिला नाही. त्यांच्याकडे पलीकडच्या वाडीवरची एक बाई स्वयंपाकाला यायची. सोमवारी तिनं भात टाकला, तर काकूंनी येऊन गॅस बंद केला. "शनवारी चूल पेटवतेस? लाज नाय वाटत?"

"आजी, आज सोमवार हाय."

"तुझ्या घरी असंल. इथं शनवार हाय."

समजावलं, कॅलेंडर दाखवलं, इस्राएलला स्थायिक झालेल्या त्यांच्या मुलानं फोनवर सांगून पाहिलं. उपयोग नाही. उभ्या आयुष्यात त्या बाईनं शब्बाथ मोडला नव्हता, तो आता कुणाच्या सांगण्यावरून मोडणार? केळी, पाव, भिजवलेले पोहे, एवढ्यावर त्या राहू लागल्या. बाहेरून शिजवून आणलेलं ताट पुढे ठेवलं तर ते गरम आहे म्हणून दूर सारत. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. काकांनी एकदा डॉक्टरांना न जुमानता स्वतः पाइप पेटवला. दोन झुरक्यांत असा खोकला आला की शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मग त्यांनी धुपाटण्यात निखारे घालून त्यावर तंबाखू टाकून पाहिली. निखाऱ्यावर ती करपते, पाइपात ती शिजते. काकू ओरडत बाहेर आल्या, "काय जळतंय? कोणी शब्बाथ मोडला या घरात?"

तेव्हा काकांनी मला फोन केला. "नटवर्य," ते म्हणाले, मला ते असंच म्हणायचे, "एक काम हाय. तुमच्याजोगं."

गायक पडद्यामागे गातो आणि नट पुढे ओठ हलवतो, तशी आमची मांडणी होती. घराच्या मागे, न्हाणीच्या भिंतीला टेकून, उलट्या बादलीवर मी बसायचं. काकांची तंबाखू, काकांचा पाइप. धूर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत सोडायचा. पुढे ओटीवर, धुरापासून लांब, काकांनी विझलेला पाइप तोंडात धरून बसायचं आणि मधूनमधून मान मागे टाकून फुंकर मारायची. मी त्यांची तालीम घेतली. "काका, फार फुंकताय. तुम्ही फुगा फुगवत नाहीयात." ते म्हणाले, "पन्नास वर्षं ओढतोय मी, मला शिकवता?" पण धुराशिवाय पाइप ओढायचा त्यांना सराव नव्हता, तेव्हा माझंच ऐकावं लागलं.

पहिल्या शनिवारी मी बादलीवर बसून धूर आत ढकलत होतो आणि कान देऊन ऐकत होतो. आत काहीच हालचाल नाही. मग काकूंचा आवाज आला, चांगला खणखणीत. "सुटला ना शब्बाथ? मग सांगायचं नाय का कोणी?" पाठोपाठ लायटरची टकटक. मला त्या टकटकीइतका गोड आवाज कुठल्याही प्रेक्षागृहात ऐकू आलेला नाही. थोड्या वेळानं ओटीवरून ऐकू आलं, "हां, तुम्ही होय. घ्या चहा."

काका नंतर बशीत अर्धा चहा घेऊन मागे आले. "रंगला हो," ते म्हणाले. मी पण विनोद केला नाही.

एकदा शब्बाथ सुटला की पुढचे दिवस काकू गरम जेवत. गुरुवारपर्यंत काकांची ओळख पुन्हा पुसट होई, पण शनिवार येई आणि मी येई. पावसाळ्यात नागोठण्याला पाणी भरलं की गाड्यांचा नेम नसे, तेव्हा मी सकाळीच निघत असे. बायको डबा द्यायची. शर्टाबद्दल तिनं बोलणं सोडलं होतं. दारात माझा शर्ट उतरवून घेऊन ती एवढंच विचारायची, "जेवल्या का?"

माझी स्वतःची बरणी या सगळ्यात तशीच राहिली. एकदा पोटमाळ्यावर चढून पाहिलं तर बटाट्याची चकती वाळून कातडं झाली होती आणि तंबाखूचा हातात भुगा झाला. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. त्या भिजक्या पोत्याच्या वासाशिवाय आता मला दुसरं काही ओढवतच नव्हतं, आणि आवड म्हणायची तर ती माझी नव्हतीच.

हा प्रयोग बरेच आठवडे चालला. मग एका शनिवारी काकू चहाचा चोथा टाकायला मागच्या दारानं बाहेर आल्या.

मी बादलीवर, पाइप तोंडात, धूर नाकापुढे. पळायला जागा नव्हती. पाणी बघायला आलोय, नळ दुरुस्त करतोय, असे दोन-तीन संवाद मी मनात जुळवले. काकूंनी धुराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. कपाळावरची आठी हळूहळू गेली, ती जाताना मी पाहिली.

"इथं काय बसलात न्हाणीपाशी?" त्या म्हणाल्या. "चला आत." माझ्या शर्टाची बाही धरून त्यांनी मला स्वयंपाकघरातून, मधल्या खोलीतून ओटीवर आणलं. काका तिथे विझलेला पाइप तोंडात धरून, मान मागे टाकून, फुंकर मारायच्या बेतात होते. काकू थांबल्या.

"तुम्ही कोणाकडे आलात?" त्यांनी काकांना विचारलं.

मी पाइप लपवायला हात मागे नेला. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको अशी. मग त्यांनी तोंडातला पाइप काढला, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि उठून उभे राहिले.

"पेणचा हाय मी," ते म्हणाले. "नाटकात काम करतो."

"असं का? बसा की. आमच्या यांना पाइपचा लई नाद. बसा, चहा ठेवलाय."

मी रंगमंचावर कित्येक वर्षं उभा राहिलोय. असं काम मी पाहिलेलं नाही आणि मला जमणारही नाही.

निघताना अंगणाच्या फाटकापाशी मी त्यांना म्हटलं, "काका, मी उद्यापासून येणार नाही. हे काहीतरी भलतंच झालं."

"उद्या रविवार. शनवारी या."

"मला नाही जमणार."

"तिनं आज भात टाकला," काका म्हणाले. "आमटी केली. स्वतः जेवली, गरमगरम. पाहुण्यालाही वाढली. मी जेवलो की तिच्या हातचं. अजून काय पायजे?"

"तुम्ही तिचे पाहुणे झालात, काका."

"मग? पाहुण्याला हाकलत तर नाय ती." त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी त्यांची पाठ धरून उभा राहिलो. मग ते म्हणाले, "तुम्ही आला नाय तर तिचा शनवार संपायचा नाय. त्यात ती उपाशी मरंल. ते मला बघायचं नाय."

मी जात राहिलो. अजून जातो.

आता लपायचं कारण उरलं नाही. तारे निघाले की काका मेणबत्ती, प्रार्थना, लवंगा सगळं करतात आणि मग अंगण ओलांडून पेरूखालच्या बाकावर जाऊन बसतात, कारण मी ओटीवर पाइप पेटवतो आणि तो धूर त्यांना चालत नाही. काकू चहा घेऊन माझ्या शेजारी बसतात आणि बोलतात. त्या ज्या माणसाशी बोलतात त्याला लग्नातली गंमत ठाऊक असते, थोरल्याला आलेला ताप ठाऊक असतो, एका पावसाळ्यात घरात विंचू निघाला होता ते ठाऊक असतं. मला काहीच ठाऊक नसतं. मी नुसता 'हं' म्हणतो. कधी त्या थेट विचारतात. "आपण मुंबईला गेलो तेव्हा ते कुठून गेलो हो, लाँचनं?" मी पाइप चाचपू लागतो. आणि अंगणातून, बाकावरून, हलका आवाज येतो, "रेवसहून."

"बघा," काकू मला म्हणतात, "पाहुण्यांना ठाऊक, आणि तुम्ही विसरलात."

मुलगा दोघांना इस्राएलला बोलावतो. कागद तयार करतो म्हणतो. काका त्याला दर वेळी सांगतात, थोडं थांब. मला एकदा म्हणाले, "तिथं तिचा शब्बाथ कोण सोडवणार? तुम्हाला काय दर आठवड्याला विमानानं नेऊ?" मी म्हटलं, बायकोला विचारतो. तेवढं हसलो आम्ही.

गेल्या शनिवारी आकाश स्वच्छ होतं. काकू खुशीत होत्या. चहा झाला, त्यांनी आत जाऊन भात टाकला आणि परत येऊन माझ्या शेजारी बसल्या. पाइप निम्म्यावर आला होता. पेरूखाली आता अंधार होता. काकांचा पांढरा सदरा तेवढा दिसत होता. मधून मधून ते रुमालात खोकत होते, आवाज होऊ नये म्हणून पुढे वाकून. अंगण काही मोठं नाही. इकडचं बोललेलं तिकडे सगळं ऐकू जातं, आणि तिकडचा खोकलाही इकडे.

काकू बोलायच्या थांबल्या. त्या बाकाकडे बघत होत्या. बराच वेळ बघत राहिल्या, कपाळाला आठी घालून, एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवत असल्यासारखं. काकांनी रुमाल खाली घेतला आणि मान वर केली. ते बसल्या जागी ताठ झाले. मी पाइप तोंडातून काढला आणि हातात तसाच धरून ठेवला. मला वाटलं, आता. आता ओळखणार.

काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला, माझ्याकडे वळल्या आणि आवाज मुळीच न लपवता म्हणाल्या, "अहो, त्या म्हाताऱ्याला सांगा ना आता घरी जायला. काळोख झालाय. त्याची बायको वाट बघत असंल."